विश्वासाचं समर्थन: आधी विचारणारा कोण ते बघा

ख्रिस्ती विश्वासाचं समर्थन शिकवणारे बहुतेक अभ्यासक्रम एका ठरलेल्या क्रमाने चालतात. आधी देव आहे हे सिद्ध करायचं, मग चमत्कार होऊ शकतात हे पटवायचं आणि त्यानंतर येशू मेलेल्यांतून उठला ह्याचे पुरावे मांडायचे. क्रम तर्काला धरून आहे. पण तो ज्याच्याशी वाद घालता घालता घडला, तो अठराव्या शतकातल्या युरोपातला, देवाबद्दलच शंका असलेला शिकलेला गृहस्थ आहे. नागपुरात हा गृहस्थ क्वचित भेटतो.

इथे शेजारचे काका देव मानतातच. त्यांचं म्हणणं एवढंच की सगळ्या नद्या शेवटी समुद्राला मिळतात, मग तुम्ही एकाच नदीचा हट्ट का धरता? इंदोऱ्यातला वर्गमित्र बौद्ध आहे. त्याला ईश्वराची गरज वाटत नाही, आणि का वाटत नाही हे तो नीट मांडू शकतो. मोमिनपुऱ्यातला सहकारी एकच देव मानतो, पण येशू वधस्तंभावर मेला हेच त्याला मान्य नाही. आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा कार्यकर्ता (ह्या चळवळीची मुळं नागपुरात चांगली खोल आहेत) विचारतो, प्रार्थनेने आजार बरे झाल्याचे दावे तुम्ही डॉक्टरांकडून तपासून घेता का? चौघांचे प्रश्न चार, आणि आपले तरुण मात्र चौघांनाही पाठ केलेलं एकच उत्तर ऐकवतात. समर्थनाच्या पद्धती अनेक आहेत, आणि त्यातली प्रत्येक कोणत्या तरी विशिष्ट माणसासमोर घडली आहे. कोणती कोणासाठी, हे कळलं की निम्मं काम झालं.

पहिली पद्धत अनुमानाची, म्हणजे दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाण्याची. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस ह्यांनी देवाच्या अस्तित्वाचे पाच मार्ग मांडले, ते ह्याच घराण्यातले. गती आहे तर गती देणारा आहे, कार्य आहे तर कारण आहे. हे ऐकून न्यायदर्शन (तर्क आणि प्रमाणांचा विचार करणारं भारतीय दर्शन) वाचलेल्या माणसाला नवल वाटणार नाही, कारण उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'च्या पाचव्या स्तबकात (प्रकरणात) जवळपास हेच केलं आहे: पृथ्वी वगैरे कार्यं आहेत, घट जसा कर्त्यावाचून होत नाही तशी तीही कर्त्यावाचून होत नाहीत, म्हणून ईश्वर आहे. शेजारच्या काकांपुढे ही पद्धत वापरण्यात दोन अडचणी आहेत. जे ते मानतातच ते सिद्ध करण्यात अर्धा तास जातो, आणि शेवटी जो सिद्ध होतो तो उदयनाचार्यांचा ईश्वरही असू शकतो. अनुमान आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेत नाही. थॉमस ह्यांनाही ते ठाऊक होतं. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताचा देहावतार ह्या गोष्टी केवळ बुद्धीने सिद्ध होत नाहीत असं त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे.

बौद्ध मित्रापुढे तीच पद्धत वेगळ्या ठिकाणी अडते. ते जरा जवळून बघायला हवं, कारण आपले लोक नेमके तिथेच गडबडतात. सातव्या शतकात बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तींनी घटाच्या उदाहरणावर असा आक्षेप घेतला: घट मातीचा असतो आणि तो कुंभार करतो हे आपण पाहिलेलं आहे. पण वारूळही मातीचंच असतं. म्हणून ते कुंभाराने केलं असं म्हणायचं का? एका जातीच्या वस्तूला कर्ता असतो हे पाहिल्यावरून दुसऱ्या जातीच्या वस्तूलाही तो असलाच पाहिजे, असं ठरत नाही. पुढे शांतरक्षितांच्या 'तत्त्वसंग्रहा'त ईश्वरपरीक्षा नावाचं एक प्रकरणच आहे, आणि त्यात आणखी एक पेच आहे. कर्ता नित्य आणि न बदलणारा असेल, तर त्याची कार्यं एकामागून एक का होतात, सगळी एकदम का होत नाहीत?

'घड्याळ आहे तर घड्याळजी आहे' ह्या धर्तीचं उत्तर देणाऱ्याला वारुळाचा आक्षेप ऐकूनही ठाऊक नसतो, आणि तो पहिल्याच फेरीत बाद होतो. म्हणून अनुमान वापरायचंच असेल, तर साम्यावर उभं करू नका. जग घटासारखं दिसतं म्हणून त्याला कर्ता आहे, असं म्हणू नका. प्रश्न असा विचारा: जी वस्तू आहे पण नसूही शकली असती, ती का आहे? अशा वस्तूंची मालिका कितीही लांब केली, अगदी अनादी धरली, तरी मुळात ही मालिका का आहे हे विचारायचं उरतंच. बौद्ध परंपरा संसार अनादी मानते. त्यामुळे 'विश्वाला सुरुवात आहे, म्हणून कारण आहे' हा अल्-ग़ज़ालींसारख्या मध्ययुगीन मुस्लिम विचारवंतांकडून चालत आलेला युक्तिवाद तिथे पहिल्या पायरीवरच अडखळतो. आणि त्या पायरीला आधार म्हणून महास्फोटाचा सिद्धांत घाईघाईने पुढे करू नये. तो मांडणारे झॉर्झ लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, पण आपलं भौतिकशास्त्र आणि आपला विश्वास ह्यांची सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही. नित्य कर्ता आणि क्रमाने होणारी कार्यं ह्या पेचालाही उत्तर आहे: कर्ता यंत्रासारखं कारण नसून संकल्प करणारी व्यक्ती असेल, तर न बदलणारा संकल्पसुद्धा काळात क्रमाने फळू शकतो. पण हे दोन वाक्यांत उरकण्यासारखं नाही, आणि समोरचा त्यावर पुढे विचारणार हे गृहीत धरा.

ह्याच मित्रासमोर आणखी एक चूक वारंवार होते. 'सगळी माणसं समान आहेत ही कल्पनाच बायबलची, तुम्ही ती उसनी घेतली' असं कोणीतरी ठासून सांगतं. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वच्छ सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा ज्या शहरात झाली, तिथे हे माहीत नसणं अक्षम्य आहे. धर्मांतर करण्याआधी बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाकडेही बारकाईने पाहिलं होतं. धर्मांतरितांमध्ये जात तशीच टिकून राहते, आणि मंडळी (चर्च) तिच्याविरुद्ध पुरेशी लढत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्या तक्रारीला 'आमच्यात जात नाही' हे उत्तर देऊ नये, कारण लग्न जुळवताना काय विचारलं जातं हे त्या मित्राला आणि आपल्याला दोघांनाही माहीत आहे. प्रामाणिक उत्तर असं की आरोप खरा आहे, आणि बायबलमधल्या ज्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो की ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र असा भेद नाही, तेच पत्र ह्या आरोपात त्याच्या बाजूने उभं राहतं.

दुसरी मोठी पद्धत पुराव्याची. भारतीय भाषेत सांगायचं तर इथे जोर शब्दप्रमाणावर आहे. न्यायसूत्रांत शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. जो वस्तू जशी आहे तशी जाणतो आणि तशीच सांगतो तो आप्त. मग साक्षीदार आप्त आहेत का, हीच तपासणी उरते. धर्मकीर्तींच्या परंपरेत शब्द हे वेगळं प्रमाण (ज्ञानाचं साधन) नाही, तिथे फक्त प्रत्यक्ष आणि अनुमान चालतं. तेव्हा बौद्ध मित्रासमोर 'साक्षीदारांनी सांगितलं आहे' एवढ्यावर थांबू नका. 'त्यांनी असं का सांगितलं असेल, ह्याचं सर्वांत चांगलं स्पष्टीकरण कोणतं?' असा प्रश्न करा.

पुराव्यातला सर्वांत भक्कम दुवा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात आहे. तो टप्प्याटप्प्याने असा मांडायचा. हे पत्र पौलाने इफिसातून इ. स. ५४-५५ च्या सुमारास लिहिलं. ते त्याचंच आहे हे ख्रिस्ती नसलेले अभ्यासकही मान्य करतात. तिसऱ्या वचनापासून तो सांगतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हांला सांगितलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना, मग एकाच वेळी ५०० हून अधिक बांधवांना, मग याकोबाला. हे त्याला कधी मिळालं असेल? गलतीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तो सांगतो की देवाचं बोलावणं झाल्यावर ३ वर्षांनी मी यरुशलेमेला गेलो, केफाजवळ १५ दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब ह्यालाही भेटलो. म्हणजे यादीत नावाने आलेल्या दोघांशी त्याची समोरासमोर भेट झाली होती. वधस्तंभाची घटना इ. स. ३० किंवा ३३ ची धरली तर ही भेट त्यानंतर फार तर काही वर्षांतच पडते. शिवाय ह्या याकोबाचा येशूवर आधी विश्वास नव्हता (योहान ७:५), आणि इ. स. ६२ मध्ये त्याला दगडमार करून ठार केलं गेलं ही नोंद यहूदी इतिहासकार जोसेफसच्या 'प्राचीन इतिहासा'च्या २०व्या खंडात आहे.

ह्यातून काय सिद्ध होतं आणि काय नाही, हे स्वतःला स्पष्ट असू द्या. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या रंगत गेलेली दंतकथा नाही, एवढं पक्कं होतं. रिकाम्या कबरेचा उल्लेख मात्र पौलाच्या यादीत सरळपणे नाही, तिथे फक्त 'पुरला गेला' आहे. कबरेशी गेलेल्या स्त्रियांची नावं चारही शुभवर्तमानांत (येशूच्या बायबलमधल्या चार चरित्रांत) सारखी नाहीत: मार्कात तीन, मत्तयात दोन, योहानात फक्त मग्दालीया मरीया. मार्काचा शेवट (१६:९-२०) चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत नाही, तेव्हा ती वचनं पुरावा म्हणून वापरू नयेत. जोसेफसचा १८व्या खंडातला येशूविषयीचा प्रसिद्ध उतारा आहे तसा वाचून दाखवू नये, त्यात पुढे ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली आहे हे बहुतेक अभ्यासक मानतात. २०व्या खंडातला छोटा उल्लेख पुरेसा आहे. नव्या कराराची हजारो ग्रीक हस्तलिखितं आहेत हेही खरं, पण त्यातली बहुतेक नवव्या शतकानंतरची आहेत. आणि मुख्य म्हणजे मजकूर नीट उतरवला गेला एवढंच त्यांवरून कळतं, मजकुरातली गोष्ट घडली हे नाही. ह्या दोन दाव्यांची गल्लत झाली की विचारणारा वकील असो वा विद्यार्थी, लगेच पकडतो.

आता नागपूरची खरी अडचण. ही सगळी मांडणी 'मेलेला माणूस उठूच शकत नाही' असं म्हणणाऱ्याला उत्तर म्हणून घडली. शेगावच्या गजानन महाराजांच्या किंवा ताजबागेतल्या ताजुद्दीन बाबांच्या कथा ऐकत मोठा झालेला माणूस असं म्हणतच नाही. तो सगळं शांतपणे ऐकतो आणि म्हणतो, 'असेल हो. फार मोठे सत्पुरुष होते ते.' पुरावा मान्य, निष्कर्ष मात्र नाही! इथे आणखी पुरावे ओतून उपयोग नसतो. कमी पडतो तो संदर्भ. पहिल्या शतकातल्या यहूदी माणसाच्या दृष्टीने पुनरुत्थान ही सिद्धी नव्हती, युगाच्या अंती देव सगळ्यांचा न्याय करील तेव्हाची ती गोष्ट होती. आणि झाडाला टांगलेला माणूस शापित, हे त्याच्या नियमशास्त्रात लिहिलेलं होतं. मार्काच्या १४व्या अध्यायात येशू आपण ख्रिस्त, देवाचा पुत्र असल्याचं कबूल करतो, म्हणून त्याला देवनिंदेसाठी दोषी ठरवलं जातं. त्यानंतर त्याच माणसाला देवाने उठवलं, तर तो न्यायसभेचा निकाल देवाने फिरवला असा त्याचा अर्थ होतो. म्हणून ह्या श्रोत्यासमोर करिंथकरांस पत्राच्या १५व्या अध्यायाच्या आधी मार्काचा १४वा अध्याय वाचावा. मग 'मोठे सत्पुरुष' हे उत्तर त्याचं त्यालाच अपुरं वाटू लागतं, कारण खटल्यातल्या दाव्यावर आता त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

मुस्लिम सहकाऱ्यापुढे पुराव्याची पद्धत थेट लागू पडते, कारण मतभेदच एका घटनेबद्दल आहे. कुराणाच्या ४:१५७ मध्ये येशूला वधस्तंभावर दिलं गेलं नाही असं म्हटलं आहे. दुसरीकडे रोमन इतिहासकार टॅसिटस, ज्याला ख्रिस्ती लोकांबद्दल तिरस्कारच होता, तो तिबिर्याच्या कारकिर्दीत पंतय पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला असं लिहितो. त्रैक्याचा विषय निघाला तर पाणी-बर्फ-वाफ हे उदाहरण कृपा करून देऊ नका. एकच देव आळीपाळीने तीन रूपं घेतो असा त्याचा अर्थ होतो, आणि ती शिकवण मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली आहे.

पूर्वगृहीतांची म्हणून एक पद्धत आहे. फिलाडेल्फियात शिकवणाऱ्या कॉर्नेलियस व्हॅन टिल ह्यांनी ती विसाव्या शतकात मांडली. तर्क, नीती, विज्ञान हे सगळं चालतं ते बायबलमधला देव आहे म्हणूनच, असं ती म्हणते. मीमांसा दर्शनातल्या अर्थापत्तीशी तिचं नातं जवळचं आहे: देवदत्त दिवसा जेवत नाही तरी लठ्ठ आहे, अर्थात तो रात्री जेवतो. पण 'रात्री जेवतो' ह्याखेरीज दुसरी शक्यता नाही हे तिथे दाखवावं लागतं, आणि इथे तेच राहून जातं. मुस्लिम सहकारी हाच युक्तिवाद अल्लाहच्या बाजूने मांडू शकतो. 'बायबल खरं कारण देव तसं म्हणतो, आणि देव तसा आहे कारण बायबल म्हणतं' इथपर्यंत बोलणं घसरलं की अन्योन्याश्रय दोष आलाच. 'तुझ्या विचारात नीतीला पाया कुठला?' एवढा एक प्रश्न ह्या पद्धतीतून जरूर घ्यावा.

अमेरिकन तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा ह्यांचा मार्ग मला मनापासून मोलाचा वाटतो, पण तो फार चुकीच्या ठिकाणी वापरला जातो. देवावरचा विश्वास वाजवी ठरायला आधी युक्तिवाद लागतोच असं नाही, हे त्यांचं म्हणणं. आठवणीवर किंवा डोळ्यांवर आपण आधी पुरावा मागून विश्वास ठेवत नाही, तसंच हे. मीमांसक कुमारिलांचा स्वतःप्रामाण्यवाद ओळखीचा असलेल्यांना हे लगेच कळेल: ज्ञान मुळातच प्रमाण असतं, बाधक पुढे आलं तरच ते अप्रमाण ठरतं. मंडळीतल्या ज्या आजीला पुरावे देता येत नाहीत, तिचा विश्वास आंधळा नाही, हे ह्या मार्गाने उत्तम सांगता येतं. पण पंढरीला जाणारी आजीही पांडुरंगाबद्दल तेच म्हणू शकते. म्हणून हे विश्वासणाऱ्याचं चिलखत आहे. दुसऱ्याला पटवण्याचं साधन नाही.

दुःखाचा प्रश्न ह्या सगळ्यांहून निराळा हाताळावा लागतो. कर्मसिद्धांतात दुःखाला हिशेब आहे, म्हणून इथला माणूस 'देव असेल तर दुःख का' असं न विचारता 'तुमच्यात पूर्वजन्म नाही, मग हे मूल आजारी का जन्मलं' असं विचारतो. योहानाच्या ९व्या अध्यायात शिष्यांनी हाच प्रश्न केला आहे: जन्मांध माणसाच्या बाबतीत पाप कोणाचं, त्याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो, आणि कारणांचा हिशेब न मांडता त्याला बरं करतो. ख्रिस्ती उत्तर इथून सुरू व्हावं. घरात नुकताच मृत्यू झालेला असेल, तर कुठलीही पद्धत वापरायची नाही. जेवणाचा डबा घेऊन जायचं आणि गप्प बसायचं.

मराठी माणसांनी हे काम पूर्वी फार उंचीवर केलं आहे. नीळकंठशास्त्री गोरे ह्यांनी तरुणपणी काशीत जॉन म्यूर ह्यांच्या ख्रिस्ती मताची बाजू मांडणाऱ्या 'मतपरीक्षे'ला संस्कृतात उत्तर लिहिलं. पुढे १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 'षड्दर्शनदर्पण' लिहून सहाही दर्शनांशी शास्त्रार्थ केला. ना. वा. टिळकांची वाट दुसरी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणत, आणि त्यांनी अभंगांतून ख्रिस्त मांडला. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. शाळा चालवता चालवता त्यांनी इथल्या टाकळी परिसरातले जीवाश्म गोळा करून त्यांवर शास्त्रीय लेखन केलं. 'विज्ञान आलं की विश्वास जातो' असं म्हणणाऱ्याला नागपुरातच दाखवता येईल असं हे उदाहरण आहे.

व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या काही गोष्टी मात्र कायमच्या टाकून द्या. बायबलमधल्या यहोशवाच्या काळातला हरवलेला दिवस नासाच्या संगणकाला सापडला, ही बनावट कथा आहे. डार्विनने मरताना पश्चात्ताप केला, हे त्यांच्या मुलीनेच जाहीरपणे नाकारलं होतं. भविष्यपुराणातला ईशामसीहाचा उल्लेख ज्या प्रतिसर्गपर्वात येतो, त्यात इंग्रजांचं राज्यही येतं. तो भाग किती अलीकडचा आहे हे वेगळं सांगायला नको. ऋग्वेदातला पुरुष म्हणजेच ख्रिस्त, हा दावाही सोडावा. दुसऱ्याच्या ग्रंथाचा अर्थ त्यालाच विचारून घ्यावा.

'धर्म परका' ह्या आक्षेपाला दोन उत्तरं आहेत. एक, उगम कुठला ह्यावरून खरंखोटं ठरत नाही. बौद्ध धम्म जपानात परकाच होता. दोन, सहाव्या शतकातल्या कोस्मास नावाच्या प्रवाशाने 'कल्लियाना' इथे बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि ते आपलं कल्याण असावं असं अनेक अभ्यासक मानतात. 'पैसे देऊन बाटवता' हा आरोप मात्र इतिहासाने सुटत नाही. १९५४ साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने न्या. भवानीशंकर नियोगी ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९५६ साली तिचा अहवाल आला तो नागपुरातच, कारण राजधानी इथेच होती. त्यातले आरोप आजही ऐकू येतात, तेव्हा तो अहवाल वाचून ठेवावा. घटनेचं २५वं कलम धर्माचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकाल आहे. म्हणून मदतीचं काम आणि विश्वासाची चर्चा एकाच बैठकीत कधीही करू नये, आणि फी किंवा औषधाची मदत घेणाऱ्याकडे विषय आपण होऊन काढू नये.

तयारीसाठी मोठं शिबिर लागत नाही. चार जण आणि दीड तास पुरे. एकाने शेजारचे काका व्हायचं, एकाने बौद्ध मित्र, एकाने कार्यकर्ता. चौथा उत्तर देणारा. उत्तर देणाऱ्याने आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि तो 'हो, हेच माझं म्हणणं' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. ह्यातच पहिले काही आठवडे जातात, जाऊ द्यावेत. मग दोन मिनिटांत उत्तर, त्यापेक्षा जास्त नाही, कारण तिसऱ्या मिनिटाला बोलण्याचं प्रवचन होतं. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगायचं, प्रश्न वहीत लिहून घ्यायचा, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्या वहीपासून करायची. कार्यकर्त्याची भूमिका शक्यतो मंडळीतल्या एखाद्या नर्सला किंवा डॉक्टरला द्यावी. बरं झाल्याच्या साक्षीत आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट मागायला ती व्यक्ती कचरत नाही.